पवित्र नामाच्या मंदिरात स्वतःचे नाव न ठेवणारा चित्रकार : ब्रदर अंतोनियो मोस्केनी

सोलापूरहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईस पोहोचते. काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षण वर्गातील मुलांना घेऊन आम्ही या गाडीने मुंबईस गेलो होतो. कुलाब्यातील होली नेम कॅथेड्रलमध्ये मिस्सा झाली, परंतु मुले बाहेर निघावयास तयार होईनात. सर्वांच्या माना वर होत्या. टोकदार कमानी, त्यांच्यावर पेललेले उंच छत आणि त्यावरील रंगकाम पाहण्यात ती गढून गेली होती. त्यांपैकी एका मुलाचे वडील सोलापुरात घरे रंगविण्याचे काम करतात. त्या मुलाने आम्हास विचारले की हे काम कोणी केले, आणि एवढ्या उंचावर मान मागे टाकून तो माणूस दिवसभर कसा उभा राहत असेल.

आम्हास उत्तर देता आले नाही. हे मंदिर कोणत्या साली उभे राहिले, त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप कोण होते, वास्तुविशारद कोण होता, हे आम्ही सांगू शकलो असतो. ज्या हाताने ते रंगविले, त्याचे नाव मात्र आम्हास ठाऊक नव्हते. त्या दिवशी वाटलेल्या संकोचातून पुढे जे वाचन झाले, त्याचे फळ म्हणजे हा लेख होय.

तो हात ब्रदर अंतोनियो मोस्केनी या इटालियन येशूसंघीय चित्रकाराचा होता. कर्नाटकातील मंगळूर येथे हे नाव आदराने घेतले जाते, कारण तेथील संत अलॉयशियस महाविद्यालयाचे चॅपेल त्यांच्या चित्रांमुळे जगभरच्या प्रवाशांना ठाऊक झाले आहे. महाराष्ट्रातील भाविकांना मात्र त्यांची ओळख क्वचितच असते.

अंतोनियो यांचा जन्म १७ जानेवारी १८५४ रोजी उत्तर इटलीतील बेर्गामो शहराजवळच्या स्तेझानो या गावी झाला. लोंबार्दी प्रांतातील हा भाग रंगविलेल्या चर्चवास्तूंचा आहे. बेर्गामोच्या टेकडीवरील संत मरियेचे महामंदिर बाराव्या शतकात बांधावयास घेतले गेले आणि त्याच्या भिंतींवर चौदाव्या शतकातील चित्रे अद्याप दिसतात. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलाला देवाच्या घराची भिंत ही बोलणारी वस्तू आहे, हे कोणी शिकवावे लागत नाही. अंतोनियोंचा हात चित्रकलेत चांगला चालतो हे लवकरच लक्षात आले आणि त्यांना बेर्गामोच्या प्रसिद्ध कर्रारा कला अकादमीत पाठविण्यात आले. तेथे एन्रिको स्कुरी या चित्रकार-शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे रोम येथे जाऊन त्यांनी व्हॅटिकनमधील थोर कलाकृतींचा अभ्यास केला आणि परतल्यावर आपल्या भागातील चर्चवास्तूंत चित्रे काढण्याचा व्यवसाय सुरू केला.

येथे थोडे थांबून या कलेची परंपरा समजून घेतली पाहिजे, कारण मोस्केनी तिचे अगदी उशिराचे वारसदार होते. बाराव्या शतकापासून युरोपात गॉथिक शैलीची मंदिरे उभी राहू लागली. टोकदार कमानी आणि छतास पेलणाऱ्या दगडी फासळ्या हे या शैलीचे वैशिष्ट्य. या फासळ्यांमुळे छताचे त्रिकोणी पाकळ्यांसारखे भाग पडतात आणि प्रत्येक भाग जणू चित्राची कोरी पाटी बनतो. फ्रान्समध्ये भिंतींची जागा प्रचंड रंगीत काचांनी घेतली. पॅरिसचे १२४८ साली अभिषेक झालेले सेंत-शापेल हे त्याचे उत्तम उदाहरण. इटलीत मात्र ऊन प्रखर, म्हणून खिडक्या लहान राहिल्या व भिंती मोठ्या राहिल्या. त्या भिंतींवर चित्रकारांनी आपले सर्वस्व ओतले. असिसी येथील संत फ्रान्सिसचे महामंदिर, पादुआ येथे जोत्तोने १३०५ च्या सुमारास पूर्ण केलेले स्क्रोवेन्यी चॅपेल, ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलमधील संत ब्रित्सिओचे चॅपेल ही त्यांतील ठळक नावे. ओर्व्हिएतो येथील छताचे काम १४४७ साली फ्रा अँजेलिको या दोमिनिकन संघातील धर्मगुरूने सुरू केले आणि अर्धशतकानंतर लुका सिन्योरेल्ली याने ते पूर्ण केले. छताला गडद निळा रंग आणि त्यावर सोनेरी तारे, ही त्या काळाची आवडती योजना होती. भाविकाने मान वर केली की दगड न दिसता स्वर्ग दिसावा, हा त्यामागील हेतू. आणि ज्या भाविकाला अक्षरओळख नव्हती, त्याला भिंतीवरील क्रमवार प्रसंगांतून प्रभूचे चरित्र वाचता यावे, हा दुसरा हेतू.

मोस्केनी यांचे व्यवसायात बरे चालले होते. असे असता १८८९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. ते धर्मगुरू होण्यासाठी गेले नाहीत. ब्रदर म्हणून, म्हणजे मिस्सा अर्पण न करणारा, प्रवचन न देणारा, हाताने काम करणारा संघबंधू म्हणून त्यांनी आपले जीवन अर्पण केले. या निर्णयाचे मोल आज चटकन ध्यानात येत नाही. दारिद्र्याच्या व्रतामुळे चित्राचा मोबदला त्यांचा राहिला नाही. आज्ञापालनाच्या व्रतामुळे कोठे, काय आणि केव्हा रंगवावे हे ठरविण्याचा अधिकारही राहिला नाही. ज्या वयात चित्रकाराला नाव मिळू लागते, त्याच वयात त्यांनी नाव मिळविण्याचा मार्ग सोडून दिला.

येशूसंघात असा मार्ग त्यांच्या आधीही काहींनी चोखाळला होता. रोमच्या संत इग्नेशियस चर्चचे विलक्षण छत रंगविणारे अंद्रेआ पोत्सो हे ब्रदरच होते. चीनच्या सम्राटांच्या दरबारात अनेक दशके चित्रे काढणारे जुझेप्पे कास्तील्योने हेही ब्रदरच. मोस्केनी यांना संघाने प्रथम इटलीत आणि नंतर एड्रियाटिक समुद्रापलीकडील क्रोएशिया व अल्बानिया या प्रदेशांत चर्च रंगविण्यासाठी पाठविले. सुमारे दहा वर्षे अशी गेली. मग त्यांना भारतात जाण्याची आज्ञा झाली.

मंगळूरचे मिशन १८७८ च्या अखेरीस इटालियन येशूसंघीयांच्या हाती आले होते. १८८० साली त्यांनी तेथे संत अलॉयशियस महाविद्यालय स्थापन केले आणि पुढील काही वर्षांत त्याचे चॅपेल उभे राहिले. वास्तू देखणी होती, पण आतून पांढरी व कोरी होती. १८९९ साली मोस्केनी मंगळूरला पोहोचले. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. सुमारे दोन वर्षांत त्यांनी या चॅपेलच्या भिंती आणि छत चित्रांनी भरून टाकले. काही चित्रे ओल्या गिलाव्यावर आहेत, काही कॅनव्हासवर तैलरंगात आहेत.

ओल्या गिलाव्यावरचे चित्र म्हणजे काय, हे आमच्या रंगारी बांधवांना सांगितले तर ते या माणसाच्या धैर्याची कल्पना करू शकतील. चुनखडी भाजून मिळालेला चुना पाण्यात विरवून दीर्घकाळ मुरवितात. त्यात वाळू मिसळून भिंतीवर गिलावा चढवितात. अखेरचा पातळ थर ओला असतानाच त्यावर केवळ पाण्यात कालवलेले रंग लावितात. त्यात डिंक नसतो की तेल नसते. गिलावा वाळताना चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्या दगडातच अडकून राहतात. म्हणून असे चित्र भिंतीवर बसत नाही, ते भिंतीचाच भाग होते. परंतु एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवावा लागतो. सकाळी चढविलेला गिलावा सायंकाळनंतर रंग स्वीकारीत नाही. चूक झाली तर तो भाग खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो. चित्रकाराने आधी कागदावर पूर्ण मापाचा खाका काढून, तो भिंतीला लावून रेषा उतरवून घ्यावयाच्या आणि परांचीवर उभे राहून घाईने, पण न डगमगता काम करावयाचे. छताखालचे काम असेल तर रंग अंगावर ठिबकतो, मान व खांदे भरून येतात आणि खाली उतरल्याशिवाय चित्र कसे दिसते ते कळत नाही.

आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या लेण्यांतही भिंती आणि छते दोन्ही रंगविलेली आहेत, पण तेथील पद्धत वेगळी. तेथे मातीच्या लेपावर पातळ पांढरा थर देऊन, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लाविलेले आहेत. मोस्केनी यांनी इटलीची पद्धत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली, आणि तीही मंगळूरसारख्या ठिकाणी, जेथे पावसाळ्यात चार महिने भिंतींची ओल जात नाही. गिलावा कधी वाळणार आणि रंग कधी बसणार याचे बेर्गामोत शिकलेले गणित येथे नव्याने मांडावे लागले असणार.

त्यांनी काय रंगविले? छताच्या मध्यभागी संत अलॉयशियस गोन्झागा यांचे जीवन क्रमाने येते. सरदार घराण्यातील हा थोरला मुलगा १५६८ साली जन्मला. वडिलांच्या वारशावर पाणी सोडून तो येशूसंघात आला आणि १५९१ साली रोममध्ये साथीच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः आजारी पडून वयाच्या तेविसाव्या वर्षी मरण पावला. इतरत्र प्रेषित आहेत, संघाचे संत आहेत, आणि मागील भिंतीवर प्रभू येशूच्या जीवनातील प्रसंग आहेत. त्यांत मुलांना जवळ घेणारा येशू आहे. चॅपेल विद्यार्थ्यांचे होते, हे चित्रकार क्षणभरही विसरला नाही.

या चित्रांचा काळ लक्षात घेतला की त्यांचा अर्थ अधिक गहिरा होतो. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला, दुसऱ्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले आणि पुढे कित्येक वर्षे दख्खनात व किनाऱ्यावर तो फिरत राहिला. घरे रिकामी होत होती, माणसे रानात झोपड्या बांधून राहत होती. मंगळूरमध्ये फादर ऑगस्टस मुल्लर या जर्मन येशूसंघीयाने १९०२ साली प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय उघडले. अशा दिवसांत रोमच्या साथीत रोग्यांना उचलून नेणारा तरुण छतावर रंगविला जात होता. बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याला ते तीनशे वर्षांपूर्वीचे चित्र वाटले नसेल. ते त्याच्या गल्लीतील चित्र होते. साथ आली तर तू पळणार की थांबणार, हा प्रश्न ते त्याला विचारीत होते.

मंगळूरचे काम पाहून इतर ठिकाणांहून मागणी येऊ लागली. मुंबईत तेव्हा जर्मन येशूसंघीय आर्चबिशप थिओडोर डालहोफ यांच्या कारकिर्दीत कुलाब्याचे होली नेम चर्च बांधले जात होते. डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी त्याचा आराखडा गॉथिक पद्धतीचा केला होता. दोन उंच मनोरे, टोकदार कमानी, फासळ्यांचे छत. १९०५ साली ते उपासनेसाठी खुले झाले. मध्ययुगीन युरोपचे हे रूप विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अरबी समुद्राच्या काठी उभे राहिले, आणि त्याच्या अंतर्भागास रंग देण्याचे काम मोस्केनी यांच्याकडे आले. जर्मन मिशनच्या मंदिरात इटालियन ब्रदरने काम केले, यात संघाला काही वावगे वाटले नाही. हे मंदिर येशूच्या पवित्र नामाला अर्पण केलेले आहे. ज्याने आपले नाव मागे ठेवण्याची इच्छाच सोडली होती, त्याच्या कुंचल्यास हे काम मिळावे, हा योगायोग आम्हास मोठा अर्थपूर्ण वाटतो. पुढे १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पौल भारतात आले, तेव्हा या मंदिराचे महत्त्व साऱ्या देशास कळले.

मोस्केनी यांचे अखेरचे काम केरळात कोची येथे झाले. तेथील सांता क्रूझ कॅथेड्रलची जुनी वास्तू पोर्तुगीजांच्या काळातली. १७९५ साली इंग्रजांनी ती पाडली. त्यानंतर जवळजवळ शतकभराने बिशप जुआंव गोमिश फेरैरा यांनी नव्या वास्तूचे काम हाती घेतले आणि बिशप मातेउश द ओलिव्हेरा शाव्हिएर यांच्या कारकिर्दीत ते पूर्ण झाले. हेच बिशप पुढे गोव्याचे आर्चबिशप झाले. हे कॅथेड्रलही गॉथिक घाटाचे. मोस्केनी यांनी मंगळूरच्या आपल्या द गामा नावाच्या शिष्याला सोबत घेऊन त्याचे खांब, भिंती आणि छत रंगविले. प्रभूच्या दुःखसहनाची मोठी कॅनव्हास चित्रे तेथे आहेत. शेवटच्या भोजनाचे चित्र त्यांनी लिओनार्दोच्या विख्यात चित्राच्या धर्तीवर केले. इटलीतील तरुणपणी पाहिलेले थोरांचे काम त्यांनी आयुष्याच्या शेवटी कोचीच्या कोळ्यांसाठी आणि कामगारांसाठी पुन्हा उभे केले.

१९ नोव्हेंबर १९०५ रोजी दमणचे बिशप सेबास्तिआंव जुझे पेरेरा यांच्या हस्ते या कॅथेड्रलचा अभिषेक झाला. त्या काळी दमण धर्मप्रांतात वसई आणि साष्टीतील पुष्कळ भाविक मोडत असत, म्हणजे आपल्याच भूमीचा एक मेंढपाळ त्या सोहळ्यास गेला होता. घंटा वाजल्या, धूप चढला, भिंतींना पवित्र तेल लावण्यात आले. परंतु ज्याने त्या भिंती रंगविल्या तो ब्रदर तेथे नव्हता. अभिषेकाच्या केवळ चार दिवस आधी त्याने देह ठेवला होता. वय एक्कावन्न. भारतात येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. या सहा वर्षांत त्याने मंगळूर, मुंबई आणि कोची या तीन शहरांतील भाविकांना मान वर करून पाहावयास काही दिले. आपल्या अखेरच्या कामापुढे पहिली गंभीर मिस्सा होताना मात्र त्याला पाहता आली नाही.

चित्रकार गेला तरी भिंतींचे आयुष्य चालू राहते, आणि ते सोपे नसते. छत गळते, ओल चढते, लोणा लागतो, मेणबत्त्यांचा धूर बसतो. मंगळूरच्या चॅपेलमधील चित्रेही काळाबरोबर खराब झाली. १९९० च्या दशकात इन्टॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या तज्ज्ञांनी त्यांची काळजीपूर्वक साफसफाई व दुरुस्ती केली. म्हणून आजच्या पिढीला ती पाहावयास मिळतात.

सर्व भिंतींचे नशीब असे नसते. येथे आम्हास एक कबुली दिली पाहिजे. आमची दीक्षा होऊन थोडीच वर्षे झाली असताना आम्ही एका खेड्यातील चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू होतो. वेदीमागील भिंतीवर वरच्या बाजूस निळे आकाश, काही तारे आणि हात जोडलेले दोन देवदूत होते. कोणा अनाम रंगाऱ्याचे ते साधे काम होते. देवदूतांचे पंख लहानमोठे झाले होते, आणि ओलीमुळे एका देवदूताचा चेहरा निम्मा गेला होता. चर्चचा महोत्सव जवळ आला, तेव्हा भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून तीवर ऑइलपेंट मारण्याचे ठरले. आमचे मत विचारण्यात आले आणि आम्ही आनंदाने होकार दिला. चार दिवसांत भिंत गुळगुळीत झाली. पुढच्या रविवारी मिस्सानंतर एक वृद्ध आजी बाकावरून उठेनात. विचारपूस केली तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांना कधीच वाचता आले नाही, लहानपणी त्या देवदूतांकडे पाहूनच त्या हात जोडावयास शिकल्या. त्यांनी तक्रार केली नाही. देवदूत कोठे गेले, एवढेच विचारले. ऑइलपेंटखाली ओल कोंडली आणि दोन पावसाळ्यांत त्याचेही पोपडे निघाले. सुंदर भिंत राहिली नाही आणि देवदूतही राहिले नाहीत.

मोस्केनी यांचे चरित्र वाचताना ती आजी आम्हास पुनःपुन्हा आठवली. इटलीच्या अकादमीत शिकलेला निष्णात चित्रकार आणि आमच्या खेड्यातील तो अनाम रंगारी यांच्या हातात फार अंतर होते, पण दोघांचे काम एकच होते. प्रवचन संपल्यावर भिंत बोलत राहावी, इतकेच दोघांना हवे होते. दोघांनीही आपले नाव मागे सोडण्याचा आग्रह धरला नाही. नाव जपणे ही त्यांची जबाबदारी नव्हती. ती आमची होती, आणि आम्ही ती पाळली नाही.

आमच्या धर्मप्रांतातील चर्चवास्तू मुंबई-मंगळूरइतक्या भव्य नाहीत. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ ची. सोलापूर आणि आसपासच्या गावांतील बहुतेक मंदिरे साधी, गरिबांनी गरिबांसाठी बांधलेली. तरीही कोठे वेदीमागे जुनी वेलबुट्टी असेल, कोठे छताला निळा रंग आणि चांदण्या असतील, कोठे क्रूसाची वाट हाताने रंगविलेली असेल. महोत्सवापूर्वी रंगकामाचा विषय निघेल तेव्हा धर्मगुरूंनी आणि समितीच्या सभासदांनी डबा उघडण्याआधी एवढे करावे. आधी भिंतीचे छायाचित्र घ्यावे. मग गळती कोठून होते ते शोधून ती थांबवावी, कारण रंग ओलीला थांबवू शकत नाही. गावातील वृद्धांना विचारून रंगविणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. जाणकाराचा सल्ला घेतल्याशिवाय जुन्या चित्रावर नवा रंग चढवू नये.

मुंबईहून परतल्यावर काही महिन्यांनी आम्ही त्या रंगाऱ्याच्या मुलास बोलावून ब्रदर मोस्केनी यांची हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की ते देवाघरी गेल्यावर त्यांचे काम पुढे कोणी केले. आम्ही त्यास मंगळूरच्या त्या शिष्याविषयी सांगितले. ते ऐकून तो समाधानाने हसला, कारण त्याच्या घरीही वडिलांचा कुंचला धुऊन ठेवण्याचे काम त्याच्याकडे असते.

आपण पुन्हा कधी कुलाब्यास, मंगळूरला किंवा कोचीस गेलात, तर प्रार्थनेनंतर क्षणभर मान वर करावी, आणि परांचीवर उभे राहून दिवस मावळण्याआधी आपला गिलावा पुरा करणाऱ्या त्या ब्रदरच्या आत्म्यास शांती लाभावी, एवढे मागावे.